ध्वजदिनाचे चार रुपये

माणदेशी_बोर | ७ डिसेंबर, सकाळी १०:१२

आज ऑफिसात एक जण डबा घेऊन आला आणि प्रत्येकाच्या शर्टाला छोटा कागदी झेंडा लावत फिरला. लाल, गडद निळा, फिकट निळा. भूदल, नौदल, हवाईदल. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला हे चालतं. बहुतेकांनी मोबाइलवरची नजर न काढता दहाची नोट टाकली. मी पाचशेची टाकली तर शेजारचा पोरगा म्हणाला, "ओहो, मॅडम!" त्याला काय सांगू, की माझ्याकडे १९८७ पासून चार रुपये थकलेत.

सांगतेच. मी सहावीत होते. गुरुजींनी आम्हा पाच-सहा जणांना ध्वजदिनाची दहा-दहा तिकिटं दिली होती, रुपयाला एक. गावात फिरून खपवायची आणि पैसे आणून द्यायचे. माझी दहाही खपली, पण बाजाराचा दिवस होता आणि बोरं आली होती. चार रुपयांची बोरं म्हणजे तेव्हा परकराचा ओचा भरून. मी गुरुजींना सांगितलं, चार तिकिटं हरवली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खिशातून चार रुपये काढून डब्यात टाकले आणि वहीत दहा लिहिले. ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता यातली गंमत अशी, की त्याच महिन्यात माझा सख्खा मामा जाफन्याला होता. मराठा लाइट इन्फंट्रीत. शांतिसेना म्हणून आपली फौज श्रीलंकेत गेली ती १९८७ च्या जुलैत, आणि ऑक्टोबरपासून तिथे शांती वगैरे काही उरली नव्हती. आजी रोज पोस्टमनच्या वाटेवर बसायची. मामाचं पत्र यायचं त्यावर पत्ता म्हणून नुसतं '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपालघर. आजीला वाटायचं ते गावाचं नाव. "छप्पन येप्यू लई लांब हाय का गं?" असं ती मला विचारायची आणि मी तोंडात बोर धरून "हो" म्हणायचे.

मामा परत आला. काय पाहिलं ते कधी बोलला नाही. फार खोदलं तर एवढंच, "माणसं आपल्यासारखीच. नारळ आपल्यापेक्षा मोठं." पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला, गावी येऊन कांदा लावला. त्याची मुलगी साताऱ्याला सैनिकी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली. ध्वजनिधीचा पैसा माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांच्या योजनांना जातो, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी बोरं खाल्ली ती घरातलीच.

हे सगळं आज का आठवलं? गेल्या महिन्यात मामाचा हयातीचा दाखला द्यायला त्याच्याबरोबर बँकेत गेले होते. मशीनवर अंगठा उमटेना. वीस वर्षं बंदूक आणि पुढे तीस वर्षं कुदळ, ठसा राहणार कुठे? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर्व्हर स्लो आहे, उद्या या." उद्या गेलो. परवा गेलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, हात नीट धुऊन या." मामा नळावर गेला, साबण लावून हात धुतले, परत येऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याच्या मागे-पुढे वीस माणसं होती. मला धरून एकानेही म्हटलं नाही, की काका, तुम्ही पुढे व्हा. त्याच भिंतीवर सैनिकांना सलाम करणारं पोस्टर होतं.

मला बँकेच्या नावाने खडे फोडायचे नाहीत, आणि ती मुलगीही दिवसभर दोनशे अंगठे बघत असते. पण विचार आला, की रात्री दार नुसतं लोटून झोपणं, कुणाच्याही विरोधात बिनधास्त बोलणं, मत देऊन आल्यावर शाईचं बोट मिरवणं, हे सगळं आपण ज्यांच्या जिवावर करतो त्यांचं देणं द्यायचं म्हणजे करायचं काय? पोस्टर आणि स्टेटस सोडून. तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल तर लिहा.

---

जयतु_भारत | सकाळी १०:४०

🙏🙏 त्रिवार वंदन!! वाचून डोळ्यांत पाणी आले. खालील मेसेज प्रत्येकाने पुढे पाठवावा: "आज रात्री तुम्ही ब्लँकेटमध्ये झोपाल तेव्हा सियाचिनमध्ये उणे ९० तापमानात…"

---

निवृत्त_बिनतारी | सकाळी ११:०५

जयतु, उणे ९० ला माणूस नाही, थर्मामीटर पण मरतो. उणे ५०-६० पर्यंत जातं, तेवढं पुरेसं आहे. १९८४ च्या एप्रिलपासून आपली माणसं तिथे वर बसलेली आहेत आणि त्यातली कित्येक गोळीने नाही, थंडीने आणि हिमकड्याने गेली. खरं सांगितलं तरी लोक ऐकतात. वाढवून सांगायची गरज नाही.

बाकी माणदेशीताई, मी सिग्नल्समधला. २४ वर्षं. गाव कऱ्हाडजवळ. गावात सगळे मला 'मेजर' म्हणतात. मी नायब सुभेदार म्हणून सुटलो. आमच्याकडे फौजेतून कुणीही आला, अगदी लंगरात पोळ्या लाटून आला तरी तो मेजरच. पहिले सहा महिने मी दुरुस्त करत होतो, मग सोडून दिलं.

तुम्ही दार लोटून झोपायचं लिहिलंत म्हणून माझी एक गोष्ट. सुटून घरी आलो त्या रात्री अंगणात बायकोने बल्ब लावून ठेवला होता. शंभरचा. मी बाहेर आलो आणि पहिल्यांदा बल्ब बंद केला. तिने परत लावला. मी परत बंद केला. पोस्टवर रात्री उजेड दाखवायचा नसतो, विडीसुद्धा ओंजळीत ओढायची. ती सवय हाडात गेलेली. दोन-तीन महिने मी अंधारातच जेवलो. एक दिवस पोरगं म्हणालं, "पप्पा, इथं कोण मारतंय तुमाला?" तर ते 'इथं कोण मारतंय' जे आहे ना, तेच. तुम्ही लोक उजेडात जेवता आणि तुम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही, हे बघून मला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं. विशेष वाटायला लागलं की समजा काहीतरी बिघडलं.

आभार मानले की आम्हाला अवघडायला होतं. त्यापेक्षा विचारा, "कुठली पलटण? कुठं कुठं होता?" मग एक तास तुमचा गेला.

---

शंकेखोर | दुपारी १२:३०

लेख आवडला. अंगठ्याचा प्रसंग लागला. पण मूळ गृहीतकावर शंका आहे, नावाला जागतो.

बोलायचं, लिहायचं, मत द्यायचं स्वातंत्र्य आपल्याला सैन्याने दिलं का? ते स्वातंत्र्यलढ्याने मिळवलं, राज्यघटनेने लिहून दिलं आणि न्यायालयं, वर्तमानपत्रं, चळवळी यांनी टिकवलं. शेजारच्या देशाकडेही मोठं सैन्य आहे, तिथे ते स्वातंत्र्य का टिकत नाही? सैन्य सीमा राखतं, फार मोठं काम आहे, मान्य. पण ‘तुम्ही बोलू शकता ते जवानामुळे’ या वाक्याचा पुढचा भाग बहुतेक वेळा ‘म्हणून तुम्ही बोलू नका’ असा निघतो. २०१६ च्या नोव्हेंबरात एटीएमच्या रांगेत कुणी कुरकुर केली की लगेच ऐकवलं जायचं, "तिकडे सीमेवर जवान उभा आहे आणि तुम्हाला दोन तास उभं राहवत नाही?"

आणि अपशिंग्याचं काय? सातारा जिल्ह्यातल्या या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. इंग्रजांनी तिथे स्मारकाची शिळा लावली, गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते अजून आहे. ते कुणाच्या स्वातंत्र्यासाठी मेले? आपल्या तर नक्कीच नाही.

---

जयतु_भारत | दुपारी १२:४१

असल्या लोकांना एकदा सियाचिनला पाठवा.

---

शंकेखोर | दुपारी १२:४३

बघा. ‘पुढचा भाग’ अकरा मिनिटांत आला.

---

निवृत्त_बिनतारी | दुपारी १:२०

जयतु, सियाचिनला पाठवायला तिथे जागा आणि राशन मोजून असतं, शिक्षा म्हणून माणसं पाठवत नाहीत. आणि शंकेखोर साहेब बरोबर बोलतायत. फौजीची ढाल करून दुसऱ्याला गप्प करणारा माणूस मला अजिबात आवडत नाही. माझ्या नावावर तुम्ही का भांडता? मी जिवंत आहे ना इथे.

पण साहेब, एक बाजू राहिली. घटनेत कलम ३३ आहे. सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क संसद कमी करू शकते, असं त्यात लिहिलंय आणि आर्मी ॲक्टने ते केलेत. संघटना काढायची नाही, मोर्चात जायचं नाही, परवानगीशिवाय पेपरशी बोलायचं नाही, राजकीय सभेत बसायचं नाही. २४ वर्षं मी यातलं काहीही केलं नाही. मतदान? पोस्टाची मतपत्रिका यायची. बऱ्याचदा ती माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा गावात निकालाचा गुलाल उधळून झालेला असायचा. आता ती ऑनलाइन पाठवतात, पोरं म्हणतात बरं चाललंय. म्हणजे तुम्ही म्हणता ते हक्क आम्ही तुम्हाला दिले नाहीत, खरंय. आम्ही आमचे बाजूला काढून ठेवले होते, एवढंच. आणि शेजारच्या देशाचं विचारलंत, तर उत्तर त्यातच आहे. आमचं सैन्य बराकीत राहतं. ते राहतं म्हणून तुम्ही इथे शंका काढू शकता. बराकीत राहणं हे पण काम आहे.

---

शंकेखोर | दुपारी १:३४

हे मान्य. शेवटची तीन वाक्यं उतरवून घेतली.

---

बखर_वाचक | दुपारी २:५०

अपशिंग्याच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पण दोन गोष्टी टाकतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कूतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठ्यांनी घोडे मारून खायचे दिवस काढले, १९१६ च्या एप्रिलमध्ये शरणागती झाली आणि पुढे कैदेत किती गेले ते वाचवत नाही. ११७ व्या मराठा पलटणीला 'रॉयल' हा किताब महायुद्धातल्या कामगिरीबद्दल मिळाला. दुसऱ्या महायुद्धात माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस. वय वर्षं बावीस-तेवीस. माणगावात पुतळा आहे, एसटी त्याच्यासमोरून जाते.

इंग्रजांसाठी लढले, खरं. पण रांगेत उभं राहून नाव लिहिणाऱ्या त्या पोराच्या डोळ्यांसमोर साम्राज्य नव्हतं. दुष्काळातली जमीन होती, पगार होता आणि आधी गेलेला चुलतभाऊ होता. आणि याच पलटणींतून तयार झालेली माणसं १९४७ नंतर काश्मीरला गेली. कारवारकडचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स या फौजी अभियंत्यांच्या दलातले, त्यांनी १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवर गोळीबारात सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीरचक्र, तेही जिवंतपणी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात इंग्रजांच्या फौजेत लढले होते. माणूस तोच होता, बदलला तो झेंडा. कुठल्या तारखेपासून त्याचे आभार मानायचे?

---

दाभोळची_लेक | दुपारी ३:१५

वाचतेय. सुंदर चालला आहे धागा.

---

हळदीचा_वास | दुपारी ४:०२

मी फौजीची बायको. सव्वीस वर्षं झाली, त्यातली एकत्र राहिलेली मोजली तर अकरा भरतील. लिहावं की नाही असं करत होते.

आमचे हे कारगिलच्या वेळी तिकडेच होते, मी पाच महिन्यांची पोटुशी, सासरी. तेव्हा गावात एकच फोन, किराणा दुकानात. फोन वाजला की दुकानदार ओट्यावरून हाक मारायचा आणि मी पळत जायचे. पळायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा फोन आला तर पलीकडून रोंग नंबर. मी तिथेच पोत्यावर बसले. त्या दुकानदाराने काही विचारलं नाही, पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः आधी "कोण बोलतंय" हे नीट विचारून मगच मला हाक मारायला लागला. जुलै संपेपर्यंत. ताई, तुम्ही विचारलंत ना करायचं काय? हे.

आणि काय करू नये ते पण सांगते. ‘मिस्टर कधीच दिसत नाहीत’ असं विचारू नये. शेताचा बांध कोरू नये. हसू नका, आमच्या भावकीत ह्यांच्या पाठीमागे दोन हात बांध सरकला. सुट्टी ६० दिवसांची, त्यातले वीस दिवस तलाठी, मोजणी आणि तहसील. माणूस शत्रूची सीमा राखायला गेला आणि घरची सीमा चुलतदिरांनी खाल्ली. २६ जानेवारीला झेंड्याला सलाम ठोकणारे तेच, बरं का.

---

गोमंतक_माड | संध्याकाळी ५:४८

शंकेखोर यांच्यासाठी आमचा गोवा घेऊन आलोय. बारा दिवसांनी १९ डिसेंबर, आमचा मुक्तिदिन आहे.

माझी आई १९६१ ला तेरा वर्षांची होती. पोर्तुगीज काळात लग्नाची पत्रिका छापायची तर मजकूर सेन्सॉरकडे न्यावा लागे. पत्रिका! "आमचे येथे श्रीकृपेकरून" यात काय बंड असणार? पण शिक्का लागे. सभा नाही, मिरवणूक नाही, सरकारविरोधी कागद सापडला तर आग्वादच्या तुरुंगात, नाहीतर थेट पोर्तुगालला. १८ जून १९४६ ला डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेतली ती नेमकी ह्याच हक्कासाठी, की माणसांना एकत्र जमून बोलता यावं.

आता तुमचा प्रश्न. लढा कुणाचा? सत्याग्रहींचा. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवरून आत आले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यात महाराष्ट्रातलेही होते. पुणं-बेळगावची माणसं वर्षानुवर्षं पोर्तुगीज तुरुंगात सडली. तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हलला नाही. शेवटी १९६१ च्या १८ डिसेंबरला सैन्य आलं आणि ३६ तासांत साडेचारशे वर्षांचा कारभार आटोपला. अंजदीव बेटावर आयएनएस त्रिशूलवरचे खलाशी उतरले तेव्हा सात जण तिथे गेले. मला वाटतं सात ही संख्या गोव्यातल्या निम्म्या पोरांना माहीत नाही. लॉन्ग वीकेंड माहीत आहे.

आईच्या मोठ्या भावाचं लग्न १९६२ च्या मे महिन्यात झालं. पत्रिका थेट छापखान्यात गेली. तिने ती अजून ट्रंकेत ठेवली आहे. साधी, पिवळी, एक शुद्धलेखनाची चूक असलेली. सेन्सॉरने तपासली असती तर चूक सापडली असती, असं आई म्हणते.

---

माणदेशी_बोर | संध्याकाळी ६:३०

हळदीचा_वास, तुमच्या त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांगा. आणि गोमंतक, पत्रिकेचा फोटो असेल तर टाका, नावं झाकून.

---

मिसुरी_काठ | रात्री ९:१०

अमेरिकेतून लिहितोय. इथे ११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डे असतो. पहिलं महायुद्ध त्या दिवशी थांबलं, १९१८ ला. हॉटेलात माजी सैनिकांना फुकट जेवण, दुकानात सवलत, विमानात आधी बसायचा मान. अनोळखी माणूससुद्धा थांबून "तुमच्या सेवेबद्दल आभार" म्हणतो. आल्या आल्या मला हे फार भारी वाटलं होतं.

माझ्या टीममध्ये इराकमध्ये दोन खेपा करून आलेला एक जण आहे. तो त्या दिवशी टोपी घालत नाही आणि बाहेर जेवायला जात नाही. विचारलं तर म्हणाला, "आभार ऐकले की मला उत्तर सुचत नाही. तुझ्याबद्दल नव्हतोच रे विचार करत तिथे. शेजारच्याबद्दल करत होतो." बखर_वाचक यांचा 'आधी गेलेला चुलतभाऊ' वाचून तोच आठवला. इराकवरूनच आठवावा हाही योग.

---

पेठेतला_पाऊस | रात्री १०:२५

पुणेकरांसाठी एक, कारण आपल्याला सगळं आपोआप झालंय असं वाटतं. १२ जुलै १९६१, पानशेत. आदल्या रात्री धरण खचायला लागलं तेव्हा लष्कराचे जवान रात्रभर पावसात वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही, पण फुटलं ते उजाडल्यावर. मध्यरात्री फुटतं तर नदीकाठच्या पेठा झोपेत गेल्या असत्या. माझे आजोबा शनिवारातले, पाणी चढताना पोरांना घेऊन पळाले. त्यांना पळायला उजेड होता. मी या जगात आहे तो त्या पोत्यांमुळे, हा माझा सरळ हिशोब आहे.

अवांतर: खडकीला क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जखमी जवानांना हातकाम शिकवायला १९१७ ला मुंबईत काढलेली, पुढे खडकीला आलेली. तिथेच जवळ कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून. कॉलेजात असताना आम्ही तिथे 'मनोरंजनाचा कार्यक्रम' घेऊन गेलो होतो. देशभक्तिपर गाणी बसवली होती आम्ही. तिसऱ्या गाण्यानंतर चाकाच्या खुर्चीतला एक जण म्हणाला, "लावणी नाही का एखादी?" आम्हाला येत नव्हती. मग त्यानेच म्हटली. नंतर बास्केटबॉलमध्ये आम्हाला आमच्याच पायांवर उभं असताना धू धू धुतलं.

मुरलीकांत पेटकर यांचंही नाव घेतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, ईएमईतले, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती दलातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक. भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री केव्हा? २०१८. सेहेचाळीस वर्षांनी. आपलं 'कृतज्ञ राष्ट्र' जरा निवांत असतं.

---

जुना_लेजर | ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

मी निवृत्त बँकवाला. पहिल्यांदा माझ्या सगळ्या जमातीतर्फे मामांची माफी मागतो. ‘हात धुऊन या’ मीही लोकांना सांगितलंय.

आता कामाचं. अंगठा उमटत नसेल तर अंगठ्याच्या मागे लागू नका. चेहऱ्यावरून हयातीचा दाखला काढता येतो. अँड्रॉइड फोनवर दोन ॲप घ्या, 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. मामांचा आधार नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर हाताशी ठेवा. संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेवर गेली आहे, तेव्हा पेन्शन देणारी यंत्रणा निवडताना तीच निवडा, जुनी बँक निवडलीत तर दाखला भलतीकडे जाईल. कित्येक जण तिथेच चुकतात आणि जानेवारीत पेन्शन का आली नाही म्हणून रडत येतात. फोन जमत नसेल तर पोस्टमनला सांगा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेकडून घरी येऊन काढून देतात, थोडी फी आहे. उजेडात बसवा, मागे साधी भिंत असू द्या, चष्मा काढा. ॲप डोळे मिटायला सांगतं, तेव्हा मिटा.

आपल्या वाड्या-वस्त्यांवर असे किती अंगठे असतील? एक रविवार, एक चार्ज केलेला फोन. शंभर पोस्टरांपेक्षा हे स्वस्त आहे.

---

शंकेखोर | सकाळी ८:१५

+१००. जुना_लेजर, मी जिथे राहतो तिथल्या तालुक्यात माजी सैनिक संघटना आहे. एक रविवार मी जातो. शंका काढणार नाही, फक्त फोटो काढेन, चेहऱ्याचे.

---

निवृत्त_बिनतारी | सकाळी ९:००

येताना अर्धा तास जास्त घेऊन या. प्रत्येक जण पलटणीचं सांगणार.

आणि माणदेशीताईंच्या मामांसाठी एक. श्रीलंकेत आपले सुमारे १,२०० गेले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची जहाजं मद्रासला लागली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नव्हते. तो काळच तसा होता, त्यांची बाजू त्यांना असेल. पण जेटीवर उतरणाऱ्या पोराला बाजू कुठली कळते. कारगिलवाल्याला लोक ओवाळतात, आणि ओवाळावंच. श्रीलंकेतून आलेल्याला गावात विचारायचे, "तिकडं कशाला गेला होता?" त्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसायचं. कोलंबोला श्रीलंकेने आपल्या जवानांचं स्मारक बांधलंय, संसदेजवळ. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही आता नावं आहेत, ते २०१९ ला झालं. मामांना म्हणावं, एकदा सिग्नल्सवाल्याने सलाम सांगितलाय. त्यांना कळेल. वायरलेसवर आम्हीच असायचो.

---

माणदेशी_बोर | १५ डिसेंबर, रात्री ८:५५

काल गावी जाऊन आले. धागा मामाला वाचून दाखवला, निम्मा त्याला ऐकू गेला, निम्मा मामीने ओरडून सांगितला. सिग्नल्सवाल्यांचा सलाम सांगितल्यावर तो उठून बसला आणि म्हणाला, "बॅटरी संपली म्हणायची कायम." बिनतारी, हे तुमच्यासाठी.

दाखल्याचं: ओसरीत भिंतीला पाठ लावून बसवला, चष्मा काढला. ॲपने डोळे मिटायला सांगितलं. मामा टक लावून बघतोय. "मिटा ना आबा," नात म्हणाली. "फोटू काढताना डोळं मिटत्यात व्हय?" तीनदा नापास झाला. चौथ्यांदा नातीने कानापाशी टाळी वाजवली आणि त्याने मिटले. झालं. दाखला आला. मग आळीतले आणखी चार जण काढले, त्यातली एक वीरपत्नी, वय ८१, नवरा १९७१ ला गेलेला. तिने डोळे पहिल्याच झटक्यात मिटले. म्हणाली, "मला सवय हाय गं, रोज संध्याकाळी मिटून बसती." कुणी काही बोललं नाही मग थोडा वेळ.

निघताना मी मामाला चार रुपयांचं सांगितलं. सदतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने हिशोब लावला. कुठला महिना, कुठला दिवस, तो तेव्हा कुठे होता. "त्या आठवड्यात आमी लई हाललो नव्हतो," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "गुरुजींचं दिलं का?" म्हटलं, गुरुजी गेले, मी त्यांच्या नावाने ध्वजनिधीत टाकलेत. पावती दाखव म्हणाला. दाखवली. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

मग विचारलं, "बोरं गोड हुती का तरी?"

म्हटलं, निम्मी किडकी निघाली.